डिशवॉशरच्या नळीतला दणका आणि प्लंबर मामांचे काम : एक सविस्तर अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, सॅनिटरी सामानाचे एक लहानसे दुकान आहे. त्या दुकानात बसणाऱ्या, साठीच्या आसपास वय असलेल्या प्लंबर मामांकडून गेल्या महिन्यात आम्ही जे काम करून घेतले, त्याविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. डिशवॉशर आता आपल्याकडे बऱ्याच घरांत आले आहे, परंतु त्याच्या पाणीजोडणीतून येणाऱ्या आवाजाची तक्रार कोणाकडे करावी, हे सहसा कोणी सांगत नाही. यंत्र विकणारा म्हणतो की दोष नळाचा आहे आणि नळवाला म्हणतो की दोष यंत्राचा आहे. आम्ही या दोघांच्या मध्ये चार महिने काढले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आमचे घर जुने, तळमजला आणि वर एक मजला असे आहे. महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येते. ते अंगणातल्या हौदात साठते आणि तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. वरच्या मजल्यावरच्या शॉवरला धार मिळत नव्हती म्हणून मागच्या वर्षी आम्ही टाकीखाली प्रेशर पंप बसवला, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी स्वयंपाकघरात डिशवॉशर आला. पहिल्याच रात्री त्याने पाणी घेऊन थांबवले तेव्हा ओट्याखालून ‘धाड्’ असा आवाज आला. एका धुण्यात यंत्र चार-पाच वेळा पाणी भरते, आणि प्रत्येक भरण्यात ते मधूनमधून थांबते, त्यामुळे हा दणका एका रात्रीत दहा-बारा वेळा ऐकू येत असे. ओट्यामागची भिंत आणि सासूबाईंच्या खोलीची भिंत एकच आहे. रात्रीची भांडी सकाळपर्यंत ठेवायची नाहीत हा त्यांचा आयुष्यभराचा नियम, आणि तो पाळण्यासाठी आणलेल्या यंत्रानेच त्यांची झोप मोडू लागली, याचे मला मनापासून वाईट वाटत होते.

विक्रेत्याच्या सेवाकेंद्राकडे तक्रार केली. त्यांचा माणूस दोनदा आला आणि दुसऱ्या खेपेला त्याने यंत्राचा पाणी घेणारा व्हॉल्व्ह म्हणजे झडप बदलली. आवाज होता तसाच राहिला. त्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की व्हॉल्व्ह बंद होताना असा आवाज येतोच आणि यंत्र व्यवस्थित आहे. त्याचे म्हणणे अर्धे खरे होते, परंतु उरलेले अर्धे शोधणे हे आपले काम नाही असे त्याला वाटले आणि नव्या व्हॉल्व्हचे पैसे मात्र आमचे गेले. शेजारच्या काकूंनी यंत्रात मीठ जास्त टाकून पाहण्याचा सल्ला दिला. हा सल्ला बऱ्याच घरांत दिला जातो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट सांगते. डिशवॉशरमधले मीठ हे त्याच्या आतल्या पाणी मऊ करणाऱ्या भागासाठी असते आणि तो भाग पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढे, यंत्राच्या पोटात असतो. पाणी आत येण्याआधी नळीत जो आवाज होतो, त्याच्याशी मिठाचा काहीही संबंध नाही.

शेवटी मामांकडे गेले. त्यांनी दुकानातच मला तीन प्रश्न विचारले: आवाज पाणी भरताना येतो की भरणे थांबल्यावर, तो एकदाच येतो की घरघर चालू राहते, आणि यंत्र बंद असतानाही पंप आपोआप चालू होतो का. या तीन प्रश्नांची उत्तरे मला नीट देता आली नाहीत. चार महिने आवाज ऐकूनही मी तो कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता. त्या रात्री स्टूल घेऊन ओट्याजवळ बसले आणि कानांनी नोंद केली तेव्हा लक्षात आले की आवाज एक नसून तीन आहेत. भरणे थांबताक्षणी दणका, भरताना बारीक किर्र अशी थरथर, आणि यंत्र शांत असतानाही दर काही मिनिटांनी गच्चीवर पंपाचे ‘घुंऽऽ’ होऊन लगेच बंद पडणे. आम्ही हे सगळे एकाच दोषाच्या नावावर टाकत आलो होतो.

मामा सांगितलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी आले. त्याचा राग आला होता, परंतु कारण कळल्यावर गेला. आपल्या भागात पाण्याचा दिवस असला की प्लंबरला श्वास घ्यायला सवड नसते. कोणाचा हौद भरत नाही, कोणाचा फुटव्हॉल्व्ह (मोटारीच्या नळीच्या तळाची झडप) अडकलेला, कोणाची मोटार हवा धरते. त्यामुळे असे शोधकाम सांगायचे तर पाणी नसलेल्या दिवशीच सांगावे, आणि टाकी मात्र भरलेली ठेवावी.

त्यांनी पिशवीतून पाना किंवा सांध्यावर गुंडाळायची टेफलॉनची पट्टी काढण्याआधी एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला. यंत्राला नुसते पाण्याने धुण्याच्या छोट्या चक्रावर लावायला सांगितले, स्क्रूड्रायव्हरचे टोक नळीवर टेकवले आणि मूठ कानाला लावली. अशा रीतीने ते अँगल कॉकपासून (यंत्राचे पाणी बंद करायच्या छोट्या नळापासून) मागे भिंतीकडे, प्रत्येक एल्बोवर म्हणजे वळणाच्या सांध्यावर थांबत, सरकत गेले. नंतर ओट्याखालच्या कडप्प्याच्या आडव्या फळीजवळ त्यांनी मला वाकून पाहायला सांगितले. तिथून जाणाऱ्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) नळीवर एका ठिकाणी बोटभर लांबीचा चकचकीत, घासून गुळगुळीत झालेला पट्टा होता आणि समोरच्या कडप्प्याच्या कडेवर तेवढ्याच उंचीवर पांढरट भुकटी चिकटली होती. ‘‘ताई, आवाज मशीनचा नाही. नळी इथं कडप्प्यावर आपटते,’’ ते म्हणाले. भिंतीपासून यंत्रापर्यंत सुमारे सहा फूट नळी एकाही क्लॅम्पशिवाय अधांतरी होती. अर्ध्या इंची सीपीव्हीसी नळीला साधारण तीन-तीन फुटांवर आधार द्यावा लागतो. स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना कोणीतरी तो दिला नाही आणि आम्हीही पाहिले नाही.

नळी आपटते हे खरे, परंतु ती हलते कशामुळे, हा खरा प्रश्न होता. डिशवॉशरचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि क्षणार्धात बंद होतो. हाताने नळ फिरवताना आपण पाण्याला थांबायला अवधी देतो, हा व्हॉल्व्ह तो देत नाही. नळीत धावत असलेला पाण्याचा स्तंभ एकाएकी अडला की त्याचा वेग दाबात बदलतो आणि ती दाबाची लाट नळीतून मागे-पुढे धावते. यालाच इंग्रजीवरून आलेल्या शब्दात वॉटर हॅमर म्हणतात. हा दाब किती वाढतो, याचे गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये मांडले. पाण्याची घनता, लाटेचा नळीतला वेग आणि पाण्याच्या वेगातला बदल यांचा गुणाकार म्हणजे ही दाबवाढ. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबले तर जुन्या लोखंडी जीआय नळीत दाब सुमारे १३ बारने (बार हे दाबाचे एकक) वाढतो. सीपीव्हीसी नळी किंचित फुगते, म्हणून तिच्यात ही वाढ ५ बारच्या आसपास राहते. आमच्या घरात भिंतीतली मुख्य नळी जीआयची आहे आणि ओट्याखालची सीपीव्हीसीची. आमच्या नळीतला वेग याहून कमी असणार, तरीही गच्चीवरच्या टाकीचा नुसता दाब १ बारसुद्धा नसताना दर भरण्याला असे धक्के बसणे म्हणजे सांध्यांवर रोजचा मार आहे. झोपमोड दिसते, सांध्यांची झीज दिसत नाही. म्हणूनच या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये असे माझे ठाम मत झाले आहे.

मामांनी यानंतर जे केले ते मला सर्वांत आवडले. त्यांनी प्रेशर पंप बंद करून पंपाला वळसा घालणाऱ्या बायपास नळीचा कॉक उघडला आणि टाकीचे पाणी केवळ उतारावर येऊ दिले. पुन्हा तेच छोटे चक्र लावले. दणक्याच्या जागी आता फक्त ‘टक्’ असा हलका आवाज आला. आमची टाकी स्वयंपाकघराच्या नळापासून सुमारे ७ मीटर उंच आहे. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे पंपाशिवाय तिथे सुमारे ०.७ बार दाब होता. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत किमान ०.५ बार दाब लागतो असे लिहिले आहे. मामांनी पुस्तिका मागून घेऊन माझ्याकडून तो आकडा वाचून घेतला आणि सरळ सांगितले की डिशवॉशरला पंपाची गरजच नाही. स्वयंपाकघराची नळी पंपाच्या आधीच वेगळी काढली तर एकही नवी वस्तू विकत न घेता काम होईल. हे ऐकून माझा त्यांच्यावर विश्वास बसला, कारण या सल्ल्यात त्यांच्या दुकानातले काहीच विकले जात नव्हते.

दुर्दैवाने आमच्याकडे स्वयंपाकघर आणि खालचे न्हाणीघर एकाच नळीवर आहे आणि ती वेगळी करायची तर दोन भिंतींच्या टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या. ज्यांचे घर बांधून व्हायचे आहे किंवा दुरुस्ती निघाली आहे, त्यांनी स्वयंपाकघराची नळी थेट टाकीवरून, स्वतंत्र घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. मात्र टाकी पुरेशी उंच नसेल तर आधी दाब मोजून घ्यावा.

आम्ही दुसरा मार्ग घेतला. त्यात चार कामे होती आणि त्यांतले एक फुकट होते.

फुकटचे काम पंपाच्या टाकीतल्या हवेचे. प्रेशर पंपाला जोडलेल्या लहान गोल टाकीत रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा असते. ही हवा उशीसारखी दबते आणि त्यामुळे पंपाला सारखे चालू-बंद व्हावे लागत नाही. तिच्यावर स्कूटरच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. मामांनी पंपाची वीज बंद केली, खालचा नळ उघडून नळीतले पाणी पूर्ण उतरवले आणि मग चाकाची हवा मोजायचा गेज लावला. काटा ०.४ बारच्या आसपास थांबला. आमचा पंप १.५ बारला चालू होतो, आणि टाकीतली हवा पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा साधारण ०.२ बार कमी असावी लागते, म्हणजे ती १.३ बार हवी होती. मुलाच्या सायकलचा पायाने मारायचा पंप आणून त्यांनी ती भरली. पाणी न उतरवता हवा मोजली तर गेज पाण्याचाच दाब दाखवतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले असते तर पडदा फाटलेला असता आणि तो बदलावा लागला असता. सुदैवाने तसे झाले नाही. पंपाचे ते दर काही मिनिटांनी घुमणे त्या दिवसापासून जवळजवळ थांबले. जे थोडे उरले होते, ते वरच्या संडासाच्या फ्लश टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे होते. तिथला वॉशर बदलल्यावर तेही गेले. त्याच वेळी त्यांनी पंप बंद होण्याचा दाब ३ बारवरून २.५ बारवर आणला.

भरतानाची किर्र अशी थरथर अँगल कॉकची निघाली. तो अर्धाच उघडा होता, आणि अर्ध्या उघड्या कॉकमध्ये सैल झालेला वॉशर वेगाच्या पाण्यात फडफडतो. कॉक जुना असल्याने बदलला आणि पूर्ण उघडा ठेवला. यंत्राच्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढली तर तिच्यावर क्षाराचा पांढरा थर आणि वाळूचे कण होते. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे म्हणजे बहुधा बोअरचेच पाणी मिसळावे लागते, त्यामुळे हा थर साचणारच. जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवली आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केली. टीडीएस मोजून पाणी ‘चांगले’ आहे असे समजणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते: टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार, आणि जाळीवर बसतो तो त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा. दोन्ही आकडे वेगळे असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ती ६०० पर्यंत चालते. डिशवॉशरचे मीठ किती ठेवायचे, हे ठरवायला हा जडपणाचा आकडा लागतो.

नळीला दोन क्लॅम्प मारले आणि कडप्प्याजवळ रबराची पट्टी घातली. इथवर दणका निम्म्याहून कमी झाला होता. शेवटी मामांनी वॉटर हॅमर अरेस्टर सुचवला. ही बोटभर उंचीची पितळी कुपी असते, तिच्यात सीलबंद हवा आणि पुढे-मागे सरकणारा दट्ट्या असतो. लाट आली की दट्ट्या मागे सरकतो आणि हवा तो धक्का झेलते. पूर्वी यासाठी नळीला वर तोंड बंद केलेला उभा तुकडा जोडत असत. त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांत तो तुकडा पाण्याने भरून निकामी होतो, म्हणून सीलबंद वस्तूच घ्यावी. ती व्हॉल्व्हच्या जितकी जवळ बसेल तितकी उपयोगी. आमच्या यंत्राचा व्हॉल्व्ह यंत्राच्या आत आहे, त्यामुळे अरेस्टर यंत्राच्या नळीच्या सुरुवातीला, अँगल कॉकवरच बसवला. काही यंत्रांत गळतीरोधक व्यवस्थेमुळे व्हॉल्व्ह नळीच्या कॉककडच्या टोकालाच, एका डबीत असतो. तिथे ही जागा अगदी योग्य ठरते. शहरातल्या दोन-तीन दुकानांत ही वस्तू नावाने कोणाला माहीत नव्हती. मामांनी ती मागवून घेतली, आठवडा लागला आणि ११५० रुपये पडले.

अरेस्टरबद्दल माझे मत असे आहे की तो चांगला आहे, परंतु तो शेवटी बसवायचा. आधी बसवला असता तर आवाज कमी झाला असता आणि मोकळी नळी, पंपाची गेलेली हवा आणि तुंबलेली जाळी तशीच राहिली असती.

मामा काम करता करता म्हणाले की हवेने नळाला त्रासही होतो आणि हवाच नळाला वाचवते. या शहरात राहणाऱ्यांना हे नवे वाटू नये. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या काळापासून इथे डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले गेले. या नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेले उंच स्तंभ नळीत अडकलेली हवा सोडण्यासाठी आणि दाब आवरण्यासाठी होते. पाणचक्की या शहरातल्या जुन्या जलचक्कीला जाणारे पाहुणे हौद पाहतात, भिंतीवरून पडणारे पाणी पाहतात, पण शेजारचा तो स्तंभ कशासाठी आहे, हे क्वचितच विचारतात. आमच्याच टाकीत पाणी तळाला गेले की नळीत हवा शिरते आणि नळ फुरफुरतो, तेव्हा मला आता तो स्तंभ आठवतो.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. मामांनी अँगल कॉक आणि यंत्राची नळी यांच्या सांध्यावर टेफलॉन गुंडाळला होता. या सांध्यात पाणी रबरी वॉशर अडवतो आणि तिथे टेफलॉनची गरज नसते. उलट त्यामुळे आटे नीट बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथे घाम फुटल्यासारखे थेंब दिसले. फोन केल्यावर ते संध्याकाळी आले, टेफलॉन काढला, नवा वॉशर घातला आणि पैसे घेतले नाहीत. पावती त्यांनी मागितल्याशिवाय दिली नाही, आणि दिली तीही वहीच्या कागदावर. सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्या असे पुन्हा सांगावे लागले. एकूण खर्च २६५० रुपये आला, त्यात अरेस्टर आणि कॉक धरून सामान सुमारे १७०० रुपयांचे. सेवाकेंद्राच्या व्हॉल्व्हला याहून जास्त पैसे गेले होते.

आज महिना झाला. रात्री यंत्र चालू असताना ओट्याजवळ उभे राहिले तर भरणे थांबल्याचे ‘टक्’ ऐकू येते, सासूबाईंच्या खोलीत येत नाही. भिंतीतल्या जीआय नळीबद्दल मामांनी सांगितले आहे की ती तीस वर्षांहून जुनी आहे आणि दिवाळीनंतर स्वयंपाकघरापुरती तरी बदलावी. ते काम मी त्यांनाच देणार आहे. पंपाच्या टाकीतली हवा सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची म्हणून त्यांनी टाकीवर मार्करने तारीख लिहून ठेवली आहे आणि गेज कुठला घ्यायचा तेही सांगितले आहे. ज्यांना त्यांना बोलवायचे असेल त्यांनी दुकानात जाताना यंत्राची पुस्तिका, पंपाच्या पाटीचा फोटो आणि ओट्याखालच्या नळीचा फोटो बरोबर न्यावा, आणि एक रात्र आवाज नीट ऐकून, तो केव्हा आणि कसा येतो ते लिहून न्यावे.